सालदारकीचं सिम

माझ्या दुकानात काउंटरमागच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. लोकांच्या घरी त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, कामवालीच्या सुट्ट्या लिहिलेल्या असतात. माझ्या चौकटींत लिहिलेलं असतं : ‘आप्पांची मोटार’, ‘पिंपळनेर कांदाचाळ’, ‘मेडिकलचं स्वाइप मशीन’, ‘ट्रक ३’, ‘वकीलसाहेब डोंगल’. नवखं गिऱ्हाईक ते वाचून विचारतं, “भाऊ, गॅरेज पण आहे का तुमचं?” गॅरेज नाही. त्या त्या तारखेला ही सिमं बंद पडणार असतात आणि ते माझ्याशिवाय कोणाच्याच लक्षात नसतं.

जळगावात मोबाईलचं दुकान म्हटलं की लोक गोलाणी मार्केटचं नाव घेतात. माझं दुकान गोलाणीत नाही, तिथून चालत पाच मिनिटांवर आहे. गोलाणीत भाव करून थकलेला माणूस चहाला बाहेर पडतो आणि कधी कधी माझ्याकडे येतो. मी मूळचा धुळ्याचा. आईवडील अजून तिथेच राहतात, म्हणून रविवारी पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असा नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचा रस्ता ठरलेला. पिशवीत आईसाठी काहीबाही आणि खाली सिमं, दोन डोंगल, एक अँटेना, एक स्क्रू-ड्रायव्हर. त्यामुळे अर्धं गिऱ्हाईक जळगावचं आणि अर्धं धुळ्याचं. एकीकडे लेवा बोली ऐकायची, दुसरीकडे अहिराणी. प्रश्न दोन्हीकडे एकच असतो : “कोणता पॅक मारू?”

माणसाच्या फोनसाठी हा प्रश्न सोपा आहे. माणूस स्वतःच सांगतो : नेट पुरत नाही, बोलणं जास्त आहे, पोरगा गेम खेळतो. मी मात्र गेली पंधरा वर्षं जास्त करून अशांसाठी पॅक निवडत आलो जे काहीच सांगत नाहीत. डोंगल, राउटर, कॅमेरा, विहिरीवरचा स्टार्टर, ट्रकच्या डॅशबोर्डखालचा जीपीएस. यांच्या पोटात सिम असतं पण तोंड नसतं. त्यांच्या वतीने बोलायला मी बऱ्याच चुका करून शिकलो.

पहिली चूक धुळ्याची. डोंगल तेव्हा नवीन होतं. फोटॉन, नेटकनेक्ट ही नावं लोक साबणाच्या नावासारखी घ्यायचे. लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखी दांडी खोचायची, दिवा निळा झाला की इंटरनेट. डब्यावर ३.१ एमबीपीएस असा वेग छापलेला असायचा. तो प्रयोगशाळेतला वेग होता. धुळ्यात आग्रा रोडवरच्या गाळ्यात त्याचा दहावा हिस्सा मिळाला तरी आम्ही खूश. एका ओळखीच्या नानांनी जीएसएमचं डोंगल घेतलं, त्यात साधं प्रीपेड सिम टाकलं आणि मी दोनशे रुपयांचा बॅलन्स मारून दिला. पॅक मारला नाही. मला वाटलं, बॅलन्स आहे तर नेट चालेलच. चाललंही. नानांनी मेल उघडली, मुलाने अमेरिकेहून पाठवलेले फोटो उघडायला घेतले आणि पाचव्या फोटोला सगळं थांबलं.

दुसऱ्या रविवारी नाना दारातच उभे. “मना पैसा कोठे गयात?”

मी हिशेब मांडला आणि मलाच घाम फुटला. त्या काळी बिनपॅकच्या डेटाला दहा केबीला दहा पैसे हा सर्रास दर होता. ऐकायला दहा पैसे. म्हणजे दोनशे रुपयांत जेमतेम वीस एमबी, आणि त्याच दराने एक जीबी वापरला तर दहा हजार चारशे ऐंशी रुपयांच्या वर. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर हा दर कोणाला बोचत नव्हता, कारण फोन नेट चाटून खायचा. लॅपटॉप ताट भरून जेवतो. सिम तेच, दर तोच, पण खाणारा बदलला की पॅक बदलायला हवा हे मला नानांच्या दोनशे रुपयांनी शिकवलं. ते पैसे मी त्यांना परत दिले. तेव्हापासून डोंगलला सिम लावण्याआधी मी विचारतो : याच्या मागे कोण जेवायला बसणार आहे?

हा प्रश्न विचारूनही फसलो आहे. वकीलसाहेबांच्या डोंगलला महिन्याचा तीन जीबीचा पॅक होता. त्यांना निकालपत्रं वाचायची असायची, मजकुराला तीन जीबी म्हणजे डोंगराएवढे. पॅक दुसऱ्या दिवशी संपला. साहेबांना वाटलं मी पॅक मारलाच नाही, मला वाटलं त्यांनी सिनेमा पाहिला. दोघेही चुकलो होतो. नवीन लॅपटॉपवर विंडोज १० होतं आणि साहेब चहाला गेले असताना ते स्वतःला अपडेट करत बसलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या जोडणीला ‘मीटर्ड’ म्हणजे मोजून मिळणारी असं सांगावं लागतं, मग ते हात आवरतं. आता डोंगल विकलं की हे सेटिंग मी स्वतःच्या हाताने करून देतो.

तरीही डोंगलमागे शेवटी माणूस असतो. नेट बंद पडलं की पाच मिनिटांत फोन येतो. खरी परीक्षा सुरू झाली ती मोटारींनी.

रावेर, यावल, सावदा, फैजपूर हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या केळीमागे ठिबकच्या नळ्या आहेत आणि नळ्यांमागे रात्रीची लाईट. शेतीच्या फिडरला थ्री फेज पाळीने येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जायचं, पायाखाली काय येईल याचा नेम नाही. म्हणून मोबाईल स्टार्टर आला तेव्हा तो लोकांनी डोक्यावर घेतला. लोखंडी डबा, आत सिम. घरून फोन लावायचा, पलीकडून आवाज येतो, मोटार चालू करण्यासाठी एक दाबा. लाईट आली की डबाच मालकाला मिस्ड कॉल देतो. साठीच्या आज्याही खाटेवर पडल्या पडल्या एक दाबायला शिकल्या.

या डब्याला नेट लागत नाही. त्याला लागतो फोन उचलण्याचा हक्क, आणि सुरुवातीला तो फुकट होता. लाइफटाइम सिम नावाची चीज होती, एकदा घेतलं की इनकमिंगला मरण नाही. मी अशी सिमं स्टार्टरमध्ये टाकली आणि विसरून गेलो. मालकही विसरले. २०१८ च्या शेवटी चित्र बदललं. अठ्ठावीस दिवसांना किमान पस्तीस रुपयांचं रिचार्ज मारा, नाहीतर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंग बंद. रिचार्ज मारा असा मेसेज कंपनीने पाठवला. तो गेला सिमच्या नंबरवर. सिम होतं विहिरीवरच्या डब्यात.

रात्री दोन वाजता माझा फोन वाजला. यावल तालुक्यातले आप्पा. “भो, मोटार फोन उचलून नही राह्यली.”

मला आधी हसू आलं, मग झोप उडाली. मोटार फोन उचलत नाही, आणि ती का उचलत नाही हे सांगणारा मेसेज तिच्याच पोटात पडून आहे. तिला वाचता येत नाही आणि डब्याला पडदा नाही. मी अंथरुणातूनच पस्तीस रुपये मारले. दहा मिनिटांनी आप्पांचा पुन्हा फोन : “चालू झाली. पण आता लाईट गेली.” त्या रात्रीचं पाणी हुकलंच. दुसऱ्या दिवशी मी कालनिर्णय काढलं आणि लाल पेनाने पहिली नोंद केली. त्या भिंतीवरच्या नोंदी अशा सुरू झाल्या. मोडेम, राउटर, कॅमेरा, सगळ्यांचं हेच दुखणं आहे. मुदत संपल्याचा इशारा यंत्राला मिळतो, यंत्राच्या मालकाला नाही. म्हणून आता सिम घातलं की मी डब्याच्या झाकणाच्या आतून नंबर आणि मुदतीची तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावतो, आणि कंपनीच्या ॲपमध्ये तो नंबर मालकाच्या फोनवर जोडून देतो. हे दोन्ही लोक विसरतात, मग भिंत उपयोगी पडते.

अठ्ठावीस दिवसांचा महिना हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा चमत्कार. कालनिर्णयवर खुणा करायला लागल्यावर मला तो नीट दिसला. पहिलं रिचार्ज महिन्याच्या एक तारखेला केलं तर पुढचं एकोणतीसला, त्यापुढचं सव्वीसच्या आसपास, असं ते मागे मागे सरकत राहतं. संकष्टीदेखील इतकी घाई करत नाही. अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे तीनशे चौसष्ट. वर्षात महिने बारा आणि रिचार्ज तेरा. धोंड्याचा महिना तरी तीन वर्षांनी एकदा येतो, हा दरवर्षी येतो. जून कोरडा गेलेल्या एका वर्षी एका शेतकऱ्याने मला पैसे मोजून देताना म्हटलं, “दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच का भाऊ?” त्याला मी काय उत्तर देणार, माझं कमिशन त्याच तेराव्यात होतं.

दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने २०२२ च्या सुरुवातीला कंपन्यांना सांगितलं की किमान एक पॅक तीस दिवसांचा ठेवा आणि एक असा ठेवा जो दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होईल. पगारदार माणसांना मी हाच पॅक सुचवतो, तारीख लक्षात राहते. यंत्राला मात्र पगार नसतो. त्याच्यासाठी वेगळाच हिशेब लागतो, आणि त्यात पॅकच्या आधी रेंज येते हे मला केळीच्या बागेनेच शिकवलं.

आप्पांच्याच शेजारी दुसऱ्या एका बागेत मी स्टार्टर बसवून दिला. मृगबाग होती, म्हणजे मृगाच्या पावसावर नुकती लावणी झालेली, रोपं गुडघ्याएवढी. फोनवर रेंजचे चार दांडे. मी चाचणी घेतली, एक दाबलं, मोटार सुरू, पैसे घेऊन निघालो. आठ-नऊ महिने काही तक्रार नाही. मग एप्रिल आला. बाग निसवलेली, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन, घडांना पाणी हवं, आणि स्टार्टर कधी लागतो कधी लागत नाही. मालकाने सिम बदललं, कंपनी बदलली, महागाचा पॅक मारला. काही फरक नाही. मी गेलो तेव्हा बागेत शिरलो आणि फोन काढला. बांधावर तीन दांडे, आत वीस पावलं गेलो की एक, डब्याजवळ जेमतेम. वर पाहिलं तर आभाळच दिसेना. केळीची पानं म्हणजे पाण्याने भरलेले पडदे. लावणीच्या दिवशी जो डबा उघड्यावर होता तो आता हिरव्या तळघरात होता. रेंज तेवढीच होती, बाग वाढली होती. अँटेनाला लांब वायर जोडून ती बांबूवर बागेच्या वर काढली, पंधरा मिनिटांचं काम. महागाच्या पॅकचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

याच डब्यांनी आणखी एक धडा दिला. त्यांच्यातलं मॉड्यूल बहुतेक टू-जीचं असतं. २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओ आलं, डिसेंबरअखेरपर्यंत सगळं फुकट होतं आणि ते पुढे मार्चपर्यंत वाढलं. दुकानासमोर रांग लागायची. त्या गर्दीत घाईघाईने मी एका गिऱ्हाइकाच्या जुन्या स्टार्टरमध्ये फक्त फोर-जीवर चालणारं सिम टाकून दिलं. डब्याला ते सिम दिसेचना. दोष सिमचा नव्हता आणि डब्याचाही नव्हता, जोडी लावणारा मी होतो. तेव्हापासून मी पॅकचा भाव सांगण्याआधी डबा उघडायला लावतो. यंत्र कोणत्या ‘जी’चं आहे आणि जागेवर कोणत्या टॉवरची रेंज आहे, हे कळल्याशिवाय पॅकची चर्चा व्यर्थ.

रेंजचं हे शहाणपण २०२० मध्ये कामाला आलं. कॉलेजं बंद, विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबरात ऑनलाइन. डोंगल आणि खिशातले वायफाय राउटर माझ्याकडून आठवड्यात संपले. शेवटचे पाच मी विकले नाहीत, भाड्यानेही दिले नाहीत. परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणे फिरवत ठेवले. तेव्हा बोलणं-मेसेज नसलेले, नुसत्या डेटाचे पॅक घरून काम करणाऱ्यांसाठी निघाले होते आणि राउटरला ते अगदी बेताचे बसायचे, कारण राउटर बोलत नाही. चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी माझी भाची होती. तिचे वडील फोनवर विचारत होते, किती जीबीचा पॅक लागेल? मी म्हटलं, भाऊजी, पॅक नंतर, आधी गच्चीवर जा. दोन कंपन्यांच्या सिमचे दोन फोन घेऊन ते गच्चीच्या चारही कोपऱ्यांत उभे राहिले. पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला एकाच कंपनीची रेंज टिकत होती. तिथेच राउटर टाकीच्या सावलीत बांधला, खाली खोलीत भाची. बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेला डेटा तो किती लागणार? सगळ्या पेपरांना मिळून एक जीबीदेखील लागला नाही. तिथल्या लोकांनी मात्र पन्नास जीबीचे पॅक मारून ठेवले होते आणि राउटर देव्हाऱ्याजवळ ठेवला होता.

उलट गोष्ट कांदाचाळीची. साक्री तालुक्यात पिंपळनेरकडे एका आबांची चाळ आहे. भाव वाढला की चाळीतला कांदा सोन्यासारखा, राखणीला कॅमेरा हवा. फोर-जी सिमचा कॅमेरा मी बसवून दिला आणि रोज दीड जीबीचा पॅक मारला. रोज दीड जीबी म्हणजे आबांना राजासारखं वाटलं. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ते फोनवर चाळ बघत बसले, पान लावून होईपर्यंत चित्र थिजलं. कॅमेरा २ एमबीपीएसने सतत चित्र पाठवत असेल तर ताशी सुमारे ९०० एमबी जातात. दीड जीबीला शंभर मिनिटं. चोवीस तास चालवायचं तर रोजचे एकवीस जीबीहून जास्त लागतील, असा पॅक आबांना परवडणारा नव्हता. दिवसाचा वाटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात चाळीचा एक वासाही धड दिसत नाही.

मग मी कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकलं, सगळं चित्रण तिथेच साठवायला लावलं आणि फक्त हालचाल दिसली तर तेवढाच तुकडा फोनवर पाठव असं सांगितलं. पॅकही बदलला. रोजचा वाटा काढून एकगठ्ठा डेटा घेतला, कारण चोर रोज दीड जीबीच्या मापाने येत नाहीत. आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी गठ्ठा साफ. आबा म्हणाले, चोर आले असतील. मी तुकडे उघडून पाहिले. पहिल्या तुकड्यात हिरवं शेडनेट वाऱ्याने फडफडत होतं. दुसऱ्यातही तेच. रात्रीच्या तुकड्यांत पडदाभर एक पांढरा राक्षस हात हलवत होता. शेजारी बसलेला आबांचा नातू दचकला. तो कोळी होता. रात्री कॅमेऱ्याच्या दिव्याकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, भिंगासमोर जाळं विणतो आणि त्याच्या प्रत्येक पावलाला कॅमेरा ‘हालचाल, हालचाल’ म्हणत चित्र पाठवतो. आबांनी एका कोळ्याचा संसार बघण्यासाठी महिन्याचा डेटा आठवडाभरात खर्च केला होता. शेडनेट घट्ट बांधलं, कॅमेऱ्याला फडफडीची बाजू बघू नको असं सेटिंग केलं, आणि रोज संध्याकाळी खराट्याने जाळं काढायचं काम नातवाकडे गेलं. आता तोच गठ्ठा महिनाभर पुरतो. साक्रीच्या त्या रस्त्याने येता-जाता ब्राह्मणवेलकडच्या पवनचक्क्या दिसतात. एवढी मोठी यंत्रं आपल्या जागी मुकाट फिरत असतात आणि आमचा एवढासा कॅमेरा कोळ्याला बघून ओरडतो, याचं मला हसू येतं.

एकगठ्ठा डेटाची एक खोड सांगायला हवी, म्हणजे माझीच चूक. दुसऱ्या एकाला मी मोठं डेटा व्हाउचर मारून दिलं. त्याला स्वतःची मुदत नव्हती, मूळ पॅकची मुदत हीच त्याची मुदत. मूळ पॅकचे उरले होते चार दिवस. पाचव्या दिवशी मूळ पॅक गेला आणि त्याच्यासोबत न वापरलेला अर्ध्याहून जास्त डेटा सती गेला. ते अक्षर बारीक होतं, पण वाचायचं काम माझं होतं. आता व्हाउचर मारण्याआधी मूळ पॅक किती दिवसांचा शिल्लक आहे ते मी मोठ्याने वाचून दाखवतो.

जुलै २०२४ मध्ये सगळ्या खासगी कंपन्यांचे दर एकदम वाढले. एअरटेलचा अठ्ठावीस दिवस सिम जिवंत ठेवणारा पॅक १७९ वरून १९९ झाला, रोजच्या डेटाचे नेहमीचे पॅक २९९ च्या घरात गेले. मी भिंतीसमोर बसून तेराने गुणायला लागलो. १९९ गुणिले तेरा म्हणजे २५८७. ज्या स्टार्टरला कधीकाळी शून्य रुपये लागायचे, त्याला आता वर्षाला अडीच हजार, आणि तो तर नेटही वापरत नाही. दुकानात लोक माझ्यावरच चिडायचे, जणू दर मीच वाढवले. त्याच वर्षी डिसेंबरात ट्रायने कंपन्यांना नुसत्या बोलण्या-मेसेजचे पॅक ठेवायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये ते आले, त्यात एअरटेलचा ३६५ दिवसांचा पॅक १८४९ रुपयांना. स्टार्टरसाठी हा पॅक हातमोज्यासारखा बसला. फक्त एक अडचण होती : एकदम अठराशे एकोणपन्नास. आणि ते कधी?

याचं उत्तर मला एका सालदाराने दिलं, तेही नकळत. त्याची गोष्ट अशी. रावेरकडच्या एका बागाईतदाराने स्टार्टरचं सिम आपल्या सालदाराच्या नावावर घेतलं होतं. त्याचा आधार हाताशी होता, घाई होती, मीही डोळेझाक केली. साल संपलं, सालदार दुसरीकडे कामाला लागला. पावसाळ्यात वीज पडून डबा जळला, सिम गेलं. नवं सिम काढायचं तर अंगठा हवा सालदाराचा. आम्ही दोघे मोटारसायकलवर सातपुड्यात त्याच्या पाड्यावर गेलो. तो शेळ्यांना पाला टाकत होता. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. “मी तर साल संपलं की मोकळा झालो. तुमची मोटार अजून माझ्याच नावावर राबते?” अंगठा दिला, पाणी दिलं, परत पाठवलं. सिम मालकाच्याच नावावर हवं, हे त्या दिवसापासून माझ्याकडे पक्कं आहे. पण परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात घोळत होता तो त्याचा शब्द : साल.

खान्देशात सालदार ठरतो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. वर्षभराचं ठरवून काम, ठरलेली रक्कम, मध्येच गरज पडली तर उचल. रोजंदार वेगळा, त्याला रोज संध्याकाळी मोजून द्यायचं आणि सकाळी तो येईल का हे बघायचं. कोणत्या कामाला कोण लावायचा हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. निंदणीला रोजंदार, पाण्यावर सालदार. मी मात्र वर्षानुवर्षं त्यांना ‘व्हॅलिडिटी’ आणि ‘व्हाउचर’ शिकवत बसलो होतो. विहिरीवर वर्षभर उभ्या राहणाऱ्या डब्याला आम्ही अठ्ठावीस दिवसांच्या रोजंदारीवर ठेवलं होतं आणि तो दर महिन्याला मध्यरात्री काम सोडून जात होता.

आता मी पॅक त्याच भाषेत सांगतो. स्टार्टर, ट्रकचा जीपीएस, मेडिकलचं स्वाइप मशीन ही थोडं खाणारी आणि रोज राबणारी मंडळी. स्वाइप मशीनला महिनाभरात लागेल तेवढा डेटा एका व्हिडिओत जातो. यांना सालदारकीवर ठेवा. आबांचा कॅमेरा सालदारच, पण त्याला भाव वाढलेल्या महिन्यांत वरून उचल लागते, ती एकगठ्ठा डेटाची. परीक्षेचं डोंगल, लग्नाच्या हॉलमधला राउटर, निवडणुकीच्या दिवसांतलं कार्यालय ही रोजंदारी. तिथे वर्षाचा पॅक मारणारा फसतो. एवढं सांगितलं की “माले काय समजस त्यामा” म्हणणारे आबाही मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न स्वतःच विचारतात : “मग याचं साल कधी भरायचं?”

भरायचं ते पीक हातात पैसा देतं तेव्हा. केळीची कांदेबाग असेल तर एक वेळ, मृगबाग असेल तर दुसरी, कांदा निघाला की तिसरी. धुळ्याच्या कापूसवाल्यांना दिवाळीनंतर. मी भिंतीवरच्या लाल खुणा एकेक करून पुसत आणत आहे. अठ्ठावीस दिवसांच्या तेरा खुणांच्या जागी वर्षातून एकच, आणि तीही ज्याच्या त्याच्या काढणीशेजारी. माझं कमिशन त्यात कमी झालं, हे खरं आहे. रात्री दोनचे फोनही कमी झाले.

२०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. दुपारी दुकान बंद करून मी पुरणपोळी आणि आमरसाला घरी निघालो होतो, तेवढ्यात आप्पा आले. घामाने भिजलेले, हातात पिशवीभर आंबे. गावात सालदाराचं ठरवून थेट जळगावला आलेले. आंबे काउंटरवर ठेवले, खिशातून नोटा काढल्या, अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या.

“हा घरच्या सालदाराचा हिशेब झाला. आता मोटारीचा लिही.”

मी पॅक मारला. आप्पांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले, एक दाबलं. दुपारी दोनची थ्री फेज होती. तिकडे यावलकडे बागेत पाणी सुरू झालं असणार. आप्पांनी ते ऐकल्यासारखी मान हलवली आणि कालनिर्णयकडे बोट केलं. मी पुढच्या वर्षाचं कालनिर्णय अजून आणलं नव्हतं, एप्रिलच होता. म्हणून भिंतीवरच, जिथे पुढच्या वर्षाचं कालनिर्णय लागेल त्या जागी, पेन्सिलने लिहिलं : आखाजी, आप्पांची मोटार.